स्टँड-इनचं काम करता करता टीव्ही अभिनयाकडे: सविस्तर मार्गदर्शक

मालिकेतला एखादा साधा प्रसंग घ्या. दोन माणसं टेबलाशी बसून बोलतात, त्यातला एक उठून खिडकीशी जातो. पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं. सेटवर मात्र त्याच्या प्रकाशयोजनेत पाऊण तास सहज जातो. दिवा कुठे लावायचा, कोणाची सावली कोणाच्या तोंडावर पडते, कॅमेरा सरकताना आड काय येतं, हे ठरवायला त्या जागेवर हाडामांसाचं माणूस उभं असावं लागतं. मुख्य कलाकार तेवढ्या वेळात मेकअपला गेलेला असतो, कपडे बदलत असतो किंवा पुढच्या प्रसंगाचे संवाद पाठ करत असतो. त्याच्या जागी जो उभा राहतो तो स्टँड-इन. कॅमेरा सुरू व्हायची वेळ आली की तो बाजूला होतो. पडद्यावर दिसत नाही, आणि नामावलीत त्याचं नाव क्वचितच येतं.

तरीही टीव्हीत अभिनय करू पाहणाऱ्याने पोटापाण्यासाठी सेटवरचं जे काही काम धरावं, त्यात मला हे सगळ्यात कामाचं वाटतं. मात्र त्यातून काय मिळतं याचा हिशेब आधीच स्पष्ट हवा. कॅमेऱ्यासमोर कसं वावरायचं याचं तंत्र मिळतं, सेटची भाषा मिळते, बऱ्यापैकी नियमित पैसे मिळतात. भूमिका मिळत नाही. ती मिळवण्याची खटपट वेगळी असते आणि ती शेजारी चालूच ठेवावी लागते. या दोन गोष्टींची गल्लत करणारी माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या खुणेवर उभी राहतात आणि नंतर सेटवर राग काढतात.

काम नेमकं कुठून कुठपर्यंत

सेटवरचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. दिग्दर्शक आणि कलाकार आधी आपसात प्रसंग बसवतात. याला ब्लॉकिंग म्हणतात. मग कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, कला या विभागांना बोलावून तीच तालीम पुन्हा दाखवली जाते. कलाकार जिथे जिथे थांबतो तिथे कॅमेरा विभागाचा सहायक जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची खूण करतो, म्हणजे मार्क. तालीम संपली की असिस्टंट डायरेक्टर ‘सेकंड टीम!’ अशी हाक देतो. सेकंड टीम म्हणजे स्टँड-इन. ते मार्कवर येतात, दिवे लागतात, कॅमेऱ्याच्या हालचालीची तालीम त्यांच्यावर होते. सगळं जुळलं की ‘फर्स्ट टीम’ला बोलावणं जातं, मेकअप-केसांची शेवटची डागडुजी होते आणि चित्रीकरण सुरू.

बॉडी डबल, फोटो डबल आणि स्टंट डबल ही कामं वेगळी. बॉडी डबलचं शरीर चित्रित होतं. फोटो डबल पाठमोरा किंवा दुरून दिसतो. स्टंट डबल प्रशिक्षित असतो आणि त्याच्या कामात जोखीम असते. स्टँड-इनला अनेकदा ऐनवेळी विचारलं जातं, ‘तुझा हात तसाच दिसतो, एवढा एक इन्सर्ट (हाताचा किंवा वस्तूचा जवळून घेतलेला तुकडा) देतोस का?’ द्यायला हरकत नाही, पण कामाचा प्रकार बदलला की मोबदलाही बदलू शकतो. ते चित्रीकरण होण्याआधी विचारायचं, नंतर नाही. चालती गाडी, उंची, पाणी, आग असल्या प्रसंगांत तुम्ही फक्त उभे राहण्यासाठी आहात हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. कपडे उतरवणं तर स्टँड-इनच्या कामात अजिबात बसत नाही. जिव्हाळ्याच्या प्रसंगाची प्रकाशयोजना पूर्ण कपड्यांतल्या माणसावर उत्तम होते.

तुमचं माप कोणाशी जुळतं

चेहरा सारखा असायची गरज नसते. लागते ती उंची, त्याखालोखाल त्वचेचा उजळ-सावळेपणा, केसांचा रंग, खांद्यांची रुंदी. उंची कलाकारापेक्षा चारपाच सेंटीमीटरने चुकली तर दिव्याची धार कपाळावर न पडता केसांवर पडते, समोरच्या कलाकाराची नजर चुकीच्या उंचीवर बसते आणि तो आल्यावर सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून अर्जात उंची फुगवून लिहू नका. अभिनयाच्या बायोडेटात कोणी एखादा इंच चढवला तर खपून जातं, इथे पहिल्याच दिवशी उघडं पडतं. अनवाणी मोजा, सेंटीमीटरमध्ये लिहा. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच असतो, तेव्हा तेवढ्यासाठी जीव काढू नका. तो फरक बुटाने भरून निघतो.

लहान मुलांच्या कामाचे तास बहुतेक ठिकाणी कायद्याने मर्यादित असतात. म्हणून बालकलाकारांच्या जागी बरेचदा कमी उंचीची प्रौढ माणसं उभी राहतात. तुम्ही बुटके असाल तर नायकाच्या मागे लागण्यापेक्षा ही वाट जास्त मोकळी असते.

आत शिरायचा रस्ता

स्टँड-इनसाठी थेट जाहिरात क्वचित निघते. नेहमीचा रस्ता एक्स्ट्राच्या कामातून जातो. एक्स्ट्रा पुरवणाऱ्या संस्थांकडे नाव नोंदवा आणि स्टँड-इनची तयारी असल्याचं वेगळं लिहा. फोटो साधे द्या: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा, सपाट भिंतीसमोर, मेकअप नाही, केसांचा आजचा रंग दिसेल असा. यात नाट्य आणू नका. निवडणाऱ्याला भावमुद्रा नको असते, त्याला ठोकताळा बांधायचा असतो. उंची, वजन, कपड्यांचं आणि बुटाचं माप, केसांचा रंग या पाच गोष्टी एका ओळीत आल्या की बास. नोंदणीसाठी किंवा ‘हमखास काम’ देण्यासाठी आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्यापासून लांब राहा. प्रामाणिक संस्था तुम्हाला काम लागल्यावर आपला वाटा घेते.

बहुतेकांना पहिली संधी बदली म्हणून मिळते. मालिकेचा नेहमीचा स्टँड-इन आजारी पडतो, किंवा पाहुण्या कलाकारासाठी दोन दिवस कोणी हवं असतं. असिस्टंट डायरेक्टर एक्स्ट्रांच्या घोळक्याकडे बघतो आणि उंची बघून बोट दाखवतो. आता हे बोट कोणाकडे वळतं? जो सकाळपासून वेळेवर आहे, हाक मारल्यावर जागेवर सापडतो, फोनमध्ये डोकं घालून बसलेला नाही, त्याच्याकडे. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण एक्स्ट्रांच्या खोलीत एक तास बसून बघा, असे किती जण दिसतात ते.

जिथे कामगार संघटना बळकट आहेत तिथे नियम आधी वाचून घ्या. अमेरिकेत २०१२ मध्ये दोन संघटना एकत्र येऊन सॅग-आफ्ट्रा ही कलाकारांची संघटना झाली. तिच्या करारात स्टँड-इनची नोंद पार्श्वभूमी कलाकारांबरोबर, म्हणजे एक्स्ट्रांबरोबर होते, पण दर साध्या एक्स्ट्रापेक्षा जास्त असतो. आणि संघटनेच्या पूर्ण दराने एक्स्ट्रा म्हणून तीन दिवस काम केलेला माणूस सदस्यत्वाला पात्र ठरतो. म्हणजे तिथे हे काम अभिनेत्याच्या संघटनेत शिरायचं दारही आहे. तुमच्या भागात अशी व्यवस्था नसेल तर दिवसाचे तास किती, जादा तासांचे पैसे कसे, पैसे किती दिवसांत, हे तीन प्रश्न पहिल्या फोनवरच विचारून ठेवा आणि उत्तर लेखी संदेशात मागा.

एक नवी गोष्ट. शरीराचं किंवा चेहऱ्याचं डिजिटल स्कॅन करायला सांगितलं तर ते कशासाठी आणि किती काळ वापरलं जाणार हे वाचल्याशिवाय सही करू नका. २०२३ मध्ये अमेरिकी कलाकारांचा संप जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत चालला, त्यामागच्या मोठ्या वादांपैकी हा एक होता. त्यानंतरच्या करारात पार्श्वभूमी कलाकाराची डिजिटल प्रतिकृती करण्यासाठी त्याची संमती आवश्यक ठरली.

पहिल्या दिवसाची तयारी

आदल्या रात्री कॉल शीट येते. त्यात तुमची वेळ, प्रसंगांचे क्रमांक आणि ज्याच्या जागी उभं राहायचं त्या कलाकाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक शोधा आणि त्याचे दिवसभरातले सगळे प्रसंग अधोरेखित करा. संहितेची पानं मिळाली तर वाचा, त्याच्या हालचालींच्या सूचना पेन्सिलीने वेगळ्या काढा.

पिशवीत बुटांचे दोन जोड हवेत, एक सपाट आणि एक टाचेचा, कारण कलाकार प्रसंगागणिक बूट बदलतो आणि त्याबरोबर त्याची उंची बदलते. गडद, फिके आणि मधल्या छटेचे साधे सदरे ठेवा. पांढऱ्या शर्टवरून उजेड उसळून हनुवटीखाली येतो, काळा शर्ट तो गिळतो. कलाकार पांढऱ्या शर्टात असताना तुम्ही काळ्यात उभे राहिलात तर छायाचित्रकाराने बांधलेला अंदाज फुकट जातो. काही निर्मितीसंस्था कलाकाराच्या कपड्याच्या रंगाचं काहीतरी अंगावर घालायला देतात. देत नसतील तर वेशभूषा विभागात आज तो कोणत्या रंगात आहे ते विचारून घ्या. छापील मजकूर, चमकणारी बटणं, चौकड्या नकोत. याखेरीज वही, पेन्सिल, पाणी, वातानुकूलित सेटवर लागणारं जाकीट. अत्तर लावू नका, तुम्ही तासन् तास कोणाच्या तरी नाकाजवळ उभे असता.

पोचल्यावर असिस्टंट डायरेक्टरला भेटा, मग कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला आणि दिव्यांचा प्रमुख असलेल्या गॅफरला नाव सांगा. ‘मी आज अमुकच्या जागी’ एवढंच. दिवसभर ही माणसं तुम्हाला हाक मारणार असतात, आणि ‘ए, जरा डावीकडे’पेक्षा नावाने मारलेली हाक दोघांच्याही सोयीची.

ब्लॉकिंग बघणं

या कामातला सगळा दम इथे आहे. विभागप्रमुखांसमोरची तालीम एकदा, फार तर दोनदा होते, आणि ती बघून तुम्हाला सगळं हुबेहूब परत करता यावं लागतं. कोणी शिकवत बसत नाही. म्हणून सेकंड टीमची हाक येण्याची वाट न बघता तालमीच्या वेळी कॅमेऱ्याच्या बाजूला, कोणाच्या पायात न येता, उभं राहायचं.

टिपण कसं घ्यायचं ते एका उदाहरणावरून बघू. समजा प्रसंग असा: ती दारातून येते, किल्ल्या टेबलावर टाकते, ‘तू अजून जागा आहेस?’ म्हणते, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते, त्याचं वाक्य अर्धवट असतानाच खिडकीकडे जाते. वहीत आधी खोलीचा चौकोन काढा, दार, टेबल, खुर्ची, खिडकी टाका, बाणाने तिचा रस्ता दाखवा. शेजारी असं काहीतरी लिहा: ‘१ दार. चार पावलं. २ टेबल, किल्ल्या उजव्या हातात. “जागा” शब्दावर डावा हात खुर्चीवर. त्याच्या “मला वाटलं”वर वळण, उजव्या खांद्यावरून. ३ खिडकी, पाठ कॅमेऱ्याकडे. शेवटच्या वाक्याला पाऊण चेहरा.’ हालचाल नेहमी शब्दाला बांधायची. ‘मग ती वळते’ असं लिहिलेलं टिपण निरुपयोगी असतं, कारण कॅमेरा सरकवणारा माणूस त्याच शब्दावर ढकलायला सुरुवात करणार असतो.

हात कोणता, वळण कोणत्या बाजूने, बसताना आधी टेकते की आधी पर्स ठेवते, नजर कुठे, या चार गोष्टी नवख्यांकडून सुटतात. त्यातली नजर सगळ्यात जास्त सुटते. कलाकार दाराबाहेरच्या माणसाकडे बघत असेल आणि तुम्ही जमिनीकडे बघत उभे राहिलात, तर डोळ्यांत उजेड पाडणारा छोटा दिवा चुकीच्या जागी लागतो.

आता मार्क. इंग्रजी टी अक्षरासारखी पट्टी असते, उभ्या दांडीच्या दोन बाजूंना दोन पाय, आडव्या दांडीला बोटं टेकलेली. प्रत्येक कलाकाराला वेगळा रंग. मार्कवर येताना खाली बघायचं नाही, आणि ही सवय पुढे अभिनेता म्हणून रोज उपयोगी पडते. युक्ती जुनी आहे: मार्कवर उभं राहून प्रसंगाच्या सुरुवातीच्या जागेपर्यंत नेहमीच्या चालीने उलटं चालत जा, पावलं मोजा, तेवढीच पावलं सरळ चालत या. शिवाय दोन वस्तू एका रेषेत धरा, म्हणजे टेबलाचा कोपरा आणि मागची दाराची चौकट अशी जुळली की तुम्ही मार्कवर आहात. ही नेमकेपणाची कटकट कशासाठी, असा प्रश्न पडला तर हा हिशेब बघा: ८५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र जवळजवळ पूर्ण उघडं, माणूस दोन मीटरवर. यात स्पष्ट दिसणारा पट्टा असतो पाचसहा सेंटीमीटरचा. कमरेतून जरा पुढे झुकलात की डोळे धूसर होतात. हे आकडे एकदा अंगात मुरले की क्लोजअपमध्ये उगाच डोलणारा अभिनेता तुम्ही राहत नाही.

दिव्याखाली

मार्कवर कलाकार उभा होता तसं उभं राहा. त्याचं वजन डाव्या पायावर असेल तर तुमचंही डाव्या पायावर. हनुवटी खाली पडू देऊ नका, दर थोड्या वेळाने ती आपोआप पडते. दिव्याकडे थेट बघू नका. शेजारच्या स्टँड-इनशी गप्पा मारायला मन धावतं, पण प्रत्येक वाक्याला डोकं हलतं आणि गॅफरची सावली पळते. जागा सोडायची असेल, अगदी पाणी प्यायलाही, तर असिस्टंट डायरेक्टरला सांगून.

काही हाका कानावर बसलेल्या असाव्यात. ‘बॅक टू वन’ म्हणजे पहिल्या मार्कवर परत. ‘चीट’ म्हणजे समोरच्या माणसाकडे बघतोय असं दाखवत थोडं कॅमेऱ्याच्या बाजूला वळणं. डावं-उजवं बहुधा कॅमेऱ्याच्या बाजूने सांगितलं जातं, तुमच्या नव्हे. ‘कॅमेरा राइट’ ऐकलं की लेन्सच्या मागून बघितल्यासारखा विचार करायचा.

चालण्याच्या तालमीत वेग कलाकाराचाच हवा. तुम्ही हळू चाललात तर डॉली, म्हणजे कॅमेऱ्याची चाकांवरची गाडी, हळू ढकलली जाते आणि प्रत्यक्ष चित्रीकरणात कलाकार फ्रेमबाहेर निघून जातो. संवाद म्हणायला सांगितले तर योग्य वेगाने, स्वच्छ, सपाट म्हणा. इथे अभिनय दाखवायची फार उबळ येते. समोर दिग्दर्शक असतो, संवाद तोंडात असतात, मग काय! पण त्या घडीला दिग्दर्शक तुमच्याकडे बघतच नसतो, तो मॉनिटरवर चौकट बघत असतो, आणि तुमच्या जोरदार विरामांमुळे कॅमेऱ्याची लय बिघडली तर तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

प्रेक्षकांसमोरच्या मालिकेत चित्र पालटतं

वर सांगितलेलं सगळं एका वेळी एकदोन कॅमेऱ्यांनी होणाऱ्या चित्रीकरणाचं. काही विनोदी मालिका बहुकॅमेरा पद्धतीने, बरेचदा प्रेक्षकांसमोर होतात. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकी मालिकेसाठी छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेरे एकदम चालवण्याची घडी बसवली, आणि पुढच्या अशा मालिका त्याच वाटेने गेल्या.

इथे आठवडा सामूहिक वाचनाने सुरू होतो, मग तालमी, निर्मात्यांसमोरचे रन-थ्रू (पूर्ण भाग न थांबता करून दाखवणं), कॅमेऱ्यांची बसवणी आणि शेवटी चित्रीकरण. कॅमेऱ्यांच्या बसवणीच्या दिवशी स्टँड-इनांनी पूर्ण भाग चालून दाखवायचा असतो. एकच माणूस दोन-तीन पात्रांच्या जागा सांभाळतो. आणि एखादा कलाकार नसेल तर रन-थ्रूमध्ये त्याची भूमिका वाचायला स्टँड-इनलाच उभं करतात, समोर लेखक असतात, त्यांना विनोद चालतो की नाही हे ऐकायचं असतं. इथे सपाट वाचू नका. विनोदाची वेळ नीट साधा, पण मूळ कलाकाराची नक्कल करू नका आणि पदरचा शब्द घालू नका. अभिनेता म्हणून ओळख व्हायची खरी जागा मला विचाराल तर हीच. तुमचा आवडता प्रकार विनोदी असेल तर स्टँड-इनचं काम शोधताना बहुकॅमेरा मालिकांना प्राधान्य द्या.

कलाकाराशी वागणं

दिवे लावताना मार्क एक पाऊल सरकला, खुर्ची फिरवली गेली, दाराची बाजू बदलली, हे परत येणाऱ्या कलाकाराला कळायला हवं. काही कलाकार स्टँड-इनकडूनच ऐकणं पसंत करतात, काहींना ते असिस्टंट डायरेक्टरने सांगितलेलं चालतं. पहिल्या दिवशी असिस्टंट डायरेक्टरला विचारून घ्या. सांगायचं ते एका वाक्यात: ‘दुसरी खूण खिडकीकडे एक पाऊल सरकलीय.’ त्या प्रसंगात तुम्हाला काय जाणवलं, ते वाक्य कसं म्हणता येईल, हे कधीही नाही, विचारलं तरी जपून. सेल्फी नाही, सेटचे फोटो नाहीत, कथानकाबद्दल घरीही बोलणं नाही. गोपनीयतेच्या करारावर सही असते, आणि एका फुटलेल्या फोटोने गेलेलं काम परत येत नाही.

अभिनयाचं खातं वेगळं ठेवा

कॅमेरा सुरू झाला की बहुतेक स्टँड-इन खुर्चीकडे पळतात. तुम्ही मॉनिटर दिसेल अशा जागी थांबा, परवानगी असेल तर. मघाशी तुम्हीच चाललेला प्रसंग आता कलाकार करतो. सगळा प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या मास्टर शॉटमध्ये किती देतो, क्लोजअपसाठी काय राखतो, पाचव्या टेकलाही कप त्याच शब्दावर कसा उचलतो, दिग्दर्शकाच्या दोन शब्दांच्या सूचनेवर नेमकं काय बदलतो, हे लिहून ठेवा. घरी तोच प्रसंग फोनसमोर करून बघा. अभिनयाच्या शिबिरात हा प्रकार विकत मिळत नाही, कारण तिथे चौथ्या टेकनंतरचा थकवा नसतो.

ऑडिशनची अडचण खरी आहे. स्टँड-इनचा दिवस लांब, आणि ऑडिशन नेमकी भर दुपारी. काम स्वीकारतानाच असिस्टंट डायरेक्टरला सांगून ठेवा की अभिनयासाठी अधूनमधून दिवस लागेल आणि बदली माणूस मी सुचवेन. मग तुमच्याच मापाची दोन विश्वासू माणसं ओळखीत ठेवा. म्हणजे तुम्ही एकमेकांना वाचवता. बदली जास्त चांगली निघेल ही भीती बाळगू नका. न सांगता गैरहजर राहणं त्याहून महाग पडतं. सेल्फ-टेपसाठी, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनसाठी, घरात एक कोपरा कायम मांडलेला असू द्या, रात्री उशिरा घरी येऊन स्टँड लावायचं त्राण नसतं. सेटवरच्या दुसऱ्या स्टँड-इनशी संवाद वाचून देण्याची फिटंफाट करा.

‘मीही अभिनेता आहे’ हे सांगायचं कधी? पहिल्या आठवड्यात नको. तुमचं काम डोळे झाकून विसंबण्यासारखं झालं की असिस्टंट डायरेक्टरच विचारतो, नाही विचारलं तर हंगामाच्या मध्यावर एकदा नीट सांगा: ‘छोट्या भूमिकेसाठी कास्टिंगकडे माझा टेप पाठवला तर चालेल का?’ एकदा. दर महिन्याला नाही. दिग्दर्शक पाहुणा असतो, भागाभागाला बदलतो. मालिकेत टिकून असतात निर्माते, असिस्टंट डायरेक्टर आणि कास्टिंग, त्यामुळे ओळख तिथे जोडा.

जुनी उदाहरणं बघितली तर अंदाज येतो. १९६६ ते १९६९ चाललेल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेत नायक विल्यम शॅटनर यांचे स्टँड-इन एडी पॅस्की लेफ्टनंट लेस्ली म्हणून सतत दिसतात, आणि डीफॉरेस्ट केली यांचे स्टँड-इन बिल ब्लॅकबर्न हॅडली म्हणून. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत मायकल रिचर्ड्‌स यांचे स्टँड-इन नॉर्मन ब्रेनर कितीतरी भागांच्या गर्दीत आहेत. दारं उघडतात ती अशी: गणवेशात, पाठीमागे, कधी एखादं वाक्य. मोठी भूमिका या वाटेने येणं अपवादच, आणि त्याचं एक कारण अगदी यांत्रिक आहे. एकदा तुमचा चेहरा त्या मालिकेत ‘ऑफिसातला माणूस’ म्हणून ठसला की त्याच मालिकेत पुढे डॉक्टर किंवा खुनी म्हणून तुम्हाला घेता येत नाही. म्हणून ज्या मालिकेत भूमिकेची खरी आशा आहे तिथे गर्दीत उभं राहायला सांगितलं तर दूरची, धूसर जागा मागा किंवा नम्रपणे नको म्हणा. पैशांची गरज असेल त्या दिवशी हा सल्ला बाजूला ठेवा.

चित्रीकरणात दिग्दर्शकाने अचानक एखादं वाक्य दिलं तर काम संपताच असिस्टंट डायरेक्टरकडून त्याची नोंद बदलून घ्या. वाक्य बोललं की तुम्ही पार्श्वभूमीतले राहत नाही, दर वेगळा होतो, आणि कागदावर नसेल तर ते वाक्य बायोडेटातही टाकता येत नाही. बायोडेटाचं म्हणाल तर स्टँड-इनचं काम भूमिकांच्या यादीत लिहू नका. कास्टिंगवाल्यांना फरक लगेच कळतो. खाली, कौशल्यं आणि इतर अनुभव या भागात, मालिकेच्या नावासह एका ओळीत लिहा. तिथे ते तुमच्या बाजूने बोलतं: या माणसाला मार्क कळतो, सेटवर शिकवावं लागणार नाही.

शरीर, पैसे आणि थांबायची वेळ

दहा-बारा तास कठीण जमिनीवर उभं राहणं कमरेला भारी पडतं. बुटात चांगले सोल घाला, गुडघे ताठ बांधून उभे राहू नका. गुडघे आवळून दिव्यांच्या उष्णतेत उभी राहिलेली माणसं चक्कर येऊन पडतात. मालिका चालू असते तेव्हा पैसा नियमित येतो आणि तो कायम येईल असं वाटायला लागतं. दोन हंगामांमधली सुट्टी लांबते, मालिका एका ईमेलवर बंद होते, कलाकार मालिका सोडतो आणि त्याच्याबरोबर तुमचं मापही जातं. चालू महिन्याच्या कमाईतला काही भाग त्या रिकाम्या काळासाठी बाजूला पडलाच पाहिजे, शिवाय फोटो आणि वर्गांचा खर्च वेगळा.

दर हंगामाच्या शेवटी वही उघडून दोन रकाने बघा: किती ऑडिशन दिल्या, आणि किती स्टँड-इनच्या दिवसासाठी सोडल्या. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा झाला असेल तर पुढच्या हंगामाचा पूर्ण करार घेऊ नका, बदलीचे दिवस घ्या. सेटवरून नवीन काही शिकायला मिळेनासं झालं, मॉनिटर बघावासा वाटत नाही, तेव्हाही तेच. आणि हे काम मनापासून आवडायला लागलं, अभिनयाची ओढ विरली, तर तेही मान्य करायला हरकत नाही. स्टँड-इनचं काम करता करता असिस्टंट डायरेक्टरच्या किंवा कॅमेऱ्याच्या विभागात रमलेली माणसं असतात आणि ती सुखात असतात.

सोडताना हंगामाच्या मध्ये सोडू नका. तसंच करावं लागलं, भूमिका मिळाली म्हणून, तर आपल्या मापाचा माणूस घेऊन या, त्याला एक दिवस शेजारी उभं करून वही दाखवा, कलाकाराच्या बुटांची उंची आणि चालीचा वेग सांगा, आणि असिस्टंट डायरेक्टरला त्याचा नंबर देऊन मगच निघा.